बाबा इज यू, आणि बाकीचे खेळ

सोलापूर,
१८ जानेवारी

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, कसे वाटले गेम?" आणि मी म्हणालो, "छान आहेत की सगळे." ते खरं नव्हतं. दिवाळीत तू एवढं सगळं कॉम्प्युटरवर भरून गेलीस, वर कंट्रोलर आणून दिलास, मग त्यातला एखादा मला रुचला नाही म्हणायला जीभ रेटेना. कागदावर मला खरं बोलता येतं, तोंडावर नाही. हे पत्र शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवतोय. तेलाचा डाग पडला असेल तर तेवढं सांभाळून घे. कडक भाकरी दोन डझन आहेत, आल्या आल्या मैत्रिणींना वाटून टाकू नकोस.

खेळतो कधी, ते आधी सांगतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही आणि येतं त्या रात्री किती वाजता येईल त्याचा नेम नाही, हे तुला सांगायला नको. मोटर लावायला कुणीतरी जागं राहावंच लागतं. ते काम मी तुझ्या आईकडून मागून घेतलंय. ती म्हणाली, "जन्मात कधी पाण्याला उठला नाहीत, आता बरं हौसेनं जागायलाव!" तिला वाटलं मला तिची दया आली. पंधरा दिवसांनी कळलं.

आणखी एक, आता लपवून उपयोग नाही. बारावीला तुझा माउस हरवला होता आणि तू रिक्षात राहिला म्हणून रडली होतीस. तो रिक्षात राहिला नव्हता. तांदळाच्या डब्यात होता. मीच ठेवला होता. निकाल लागल्यावर काढायचा विसरलो आणि मग सांगायची लाज वाटली.

असो. पहिला तो 'बाबा इज यू'. नाव वाचून मला वाटलं तू चेष्टा करतेस. फिनलंडच्या माणसाने केलेला, २०१९ चा खेळ, त्याला आपला बाबा कुठून माहीत असणार! पण खेळ बघून मी खुर्चीत सरळ बसलो. पडद्यावर भिंती, दगड, झेंडा, आणि त्यांच्यामध्ये शब्दांचे ठोकळे. 'बाबा', 'इज', 'यू' हे तीन ठोकळे एका ओळीत आहेत म्हणून ते पांढरं जनावर म्हणजे आपण. 'वॉल इज स्टॉप' असं लिहिलंय म्हणून भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून ओळीबाहेर काढला की भिंत अडवत नाही, सरळ आरपार जायचं. नियम आणि सामान एकाच फरशीवर पडलेलं.

हे मला का आवडलं ते तुला कळेल, कारण लहानपणी तू कारखान्यात येऊन माझ्या कार्डांच्या ढिगावर बसायचीस. जकार्डचं, म्हणजे नक्षी विणायच्या मागाचं, कसं असतं? कार्डात भोक असेल तिथे हुक उचलतो, धागा वर येतो; भोक नसेल तिथे खाली राहतो. मोर कापडात नसतो, त्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतो. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये त्या जकार्डने बसवलेली युक्ती, अजून आपल्या अक्कलकोट रोडला खडखडतेय. एक भोक चुकीचं पडलं की प्रत्येक चादरीत मोराची मान त्याच जागी मोडते. आता डिझाइन मीही कॉम्प्युटरवर काढतो, पण चूक तशीच मान मोडते. या खेळात माग चालू असताना कार्डांत हात घालायला मिळतो. प्रत्यक्षात घातला असता तर मला काम शिकवणाऱ्या मास्तरांनी कानाखाली वाजवली असती.

पण पहिले चाळीसेक डाव झाल्यावर तो खेळ माजला असं माझं मत आहे. दोनशेच्या वर कोडी आहेत म्हणे. पुढेपुढे तो माणूस आपल्याला शिकवत नाही, स्वतःची हुशारी दाखवतो. मी सोडला. मजा एका गोष्टीची वाटली: 'बाबा इज यू' ही ओळच चुकून मोडली तर पडद्यावर आपण कुणीच राहत नाही. मग कितीही बटणं दाबा.

ज्यात घरं बांधायची तो 'टाउनस्केपर' खेळ नव्हे, खेळणं आहे. पाण्यावर टिचकी मारली की रंगीत घर उगवतं, शेजारी मारली की घरं जोडली जातात, कमान होते, जिना होतो. ना हार ना जीत. दोन रात्री मारल्या टिचक्या. वरच्या मजल्यावरच्या पिंकीला दिला, ती अजून टिचक्या मारतेय.

'राजी'बद्दल मी फार आशेने बसलो होतो. पुण्याच्या पोरांनी केलेला, २०२० चा, हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी, तिच्या भावाला राक्षसांनी पळवलेलं. बघायला देखणा आहे, शंकाच नाही. वाडे, जाळ्या, खांबांवरचं कोरीव काम, आणि गोष्ट सांगताना येणाऱ्या त्या बाहुल्यांच्या सावल्या! त्या कोरीव कामाच्या चौकटी मी थांबून थांबून बघितल्या आणि दोन किनारी वहीत उतरवूनही घेतल्या. पण बोलतात किती! आपण जिन्याचं एक पाऊल चढलो की देव वरून बोलायला लागतात. दुर्गा काय म्हणते, विष्णू काय म्हणतो. अरे, मला बघू द्या की! मला कार्डांना भोकं पाडायला ज्यांनी शिकवलं ते मास्तर दिवसभरात चार वाक्यं बोलत नसत. चुकलेलं कापड आणून पुढ्यात टाकायचे आणि चहाला जायचे. आपण शोधायचं कुठे चुकलं. खेळ असा असावा असं माझं आता मत झालंय. दुसरं म्हणजे मी खेळलो त्यात ती पोरगी इंग्रजीत बोलते. पुण्यात जन्मलेला खेळ! आणि शेवट तर असा, जसं ताणा, म्हणजे उभे धागे, संपले म्हणून चादर मध्येच कापली. तरी पोरांनी पुढचा केला तर मी घेईन. पहिल्या चादरीला कुणाच्याही किनार वाकडीच येते.

'अनपॅकिंग' मी खेळलोच नाही असं म्हणावं लागेल, कारण तो तुझ्या आईने खेळला. माझ्याकडे फक्त माउस होता. एका मुलीची १९९७ पासून २०१८ पर्यंतची आठ बिऱ्हाडं, दर वेळी खोकी उघडायची आणि सामान लावायचं. मुलगी दिसत नाही, बोलत नाही. फक्त तिच्या वस्तू. "ती चित्रं काढते बघ," आई म्हणाली, "रंग वाढत चाललेत." दुसऱ्या घरात म्हणाली, "हिला पाळी सुरू झाली." मला तर काहीच दिसलं नव्हतं.

मग २०१० चं घर आलं, मित्राच्या फ्लॅटमधलं. सगळीकडे त्याचंच सामान, हिला कुठे जागाच नाही. आणि हिचं पदवीचं सर्टिफिकेट. आई भिंतीवर लावायला सांगे, खेळ लाल रेघ दाखवे, चुकलं. कपाटावर, चुकलं. टेबलावर, चुकलं. शेवटी पलंगाखाली सरकवल्यावर बरोबर. आई म्हणाली, "या मेल्याला सोडेल ही." आणि पुढच्या घरात खरंच ती आईबापाकडे परत आलेली! मी एवढी वर्षं नक्षी काढतो, पण एक शब्द न बोलता गोष्ट सांगायची असली कारागिरी मला जमली नसती.

त्यानंतर आई जरा गप्पच होती. मोटर बंद करून आल्यावर मला आठवलं. तिचं टायपिंगचं सर्टिफिकेट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, लग्नात आणलेल्या ट्रंकेत आहे. आणि ट्रंक पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी ते काढलं. कडेला कसर लागलीय थोडी, अक्षरं शाबूत आहेत. नवी पेठेत फ्रेमला टाकलंय. तिला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

'अ शॉर्ट हाइक' छोटा आहे, गोड आहे, एका बैठकीत झाला. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढणारं पाखरू. वर पोचल्यावर फोन येतो तो आईचा, ऑपरेशन झालेल्या आईचा. आईच्या मोतीबिंदूचं तुला आठ दिवस उशिरा सांगितलं म्हणून हा खेळ टाकलास ना? टोमणा पोचला.

आता 'वेंबा'. हा मी दोनदा खेळलो आणि यावर माझं मत दोन्ही वेळा वेगळं झालं.

तमीळ जोडपं कॅनडात गेलेलं, १९८८ साल. बाईकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, शाई पुसलेली. इडली करायची तर जे लिहिलेलं नाही ते आपण ओळखायचं: ताटल्या एकावर एक कशा लावल्या म्हणजे वाफेला वाट मिळेल. टोरांटोच्या लोकांनी २०२३ मध्ये केलाय. पहिल्यांदा खेळून मी म्हणालो, हा काय खेळ? दीड-दोन तासांत संपला, कोडी पोराटोरांची, चुकलं तरी काही बिघडत नाही. तुझ्या आईने तर इडलीला पहिल्या झटक्यात बरोबर केलं आणि "एवढ्यासाठी पैसे घेतात?" म्हणून झोपायला गेली.

दुसऱ्यांदा खेळलो ते त्या जोडप्याच्या मुलासाठी. तो लहानपणापासून घरच्या भाषेपासून लांब सरकत जातो. मोठा झाल्यावर एकदा आजीची तीच वही घेऊन स्वयंपाकाला उभा राहतो, आणि त्याला तमीळ नीट वाचता येत नाही.

तिथे मी कंट्रोलर खाली ठेवला. अनू, मला तेलुगू वाचता येत नाही. बोलतो फाडफाड, अशोक चौकात कुणाशीही भांडून दाखवतो, पण दुकानाची तेलुगू पाटी समोर आली की मी तुझ्याइतकाच अडाणी. माझी शाळा मराठी, हिशेब मराठीत, शिव्या दोन्हीत. तुझी नानम्मा, म्हणजे माझी आई, तेलुगूत बोलायची, तू मराठीत उत्तर द्यायचीस, आणि आम्हाला त्यात कधी काही खटकलं नाही, पोरगी समजते तेवढं पुरे. हे पत्रसुद्धा मी मराठीतच लिहू शकतो. दु:ख म्हणून सांगत नाही. मराठी काय परकी थोडीच आहे, चार पिढ्या इथल्याच पाण्यावर झाल्या. फक्त त्या पोराच्या जागी मी तुला धरून बसलो होतो आणि निघालो मीच.

नानम्माची तर वहीही नव्हती. ती सर्वपिंडी कशी करायची ते आठवतंय का तुला? तांदळाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, आणि खोलगट भांड्यात थापून बोटानं भोकं पाडायची, प्रत्येक भोकात तेल. परवा मी करून बघितली. तळाला करपली, वर कच्ची. पिठात पाणी किती ते कुणालाच माहीत नाही. तुझी आत्या म्हणते, "अंदाजाने." म्हणजे माझं आता 'वेंबा'बद्दल मत असं: खेळ म्हणून सोपा आहे, आणि सोपा केला तिथेच चुकला. खरी वही फाटली की इडली पहिल्या झटक्यात होत नाही.

आणि सगळ्यांत वरचा, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. ल्युकस पोप नावाच्या एकट्या माणसाने केलेला, २०१८ चा. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०२ मध्ये निघालं, १८०७ मध्ये परत आलं ते रिकामं. साठ माणसं. आपण कंपनीचे विम्याचे तपासनीस. हातात एक घड्याळ, मढ्याजवळ उघडलं की शेवटचे शब्द ऐकू येतात आणि मेला तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात फिरायचं, बघायचं, आणि वहीत लिहायचं: हा कोण, कसा मेला, कुणी मारला. तीन जणांचं अचूक जमलं तरच वही ते पक्कं करते. म्हणजे ठोकताळे मारून भागत नाही.

आधी चित्राबद्दल. दोनच रंग! सावली हवी तर ठिपके. दाट तिथे काळोख, विरळ तिथे उजेड. मी चौकटीच्या कागदावर दुसरं काय केलं गं आयुष्यभर? दोन रंगांच्या चादरीत पिसाऱ्याला उठाव आणायचा तर तिसरा रंग कुणी देत नाही, टिंबं मोडूनच टाकावी लागतात. या माणसाने ते चालत्या चित्रात केलंय, आणि आपण चाललो तरी ठिपके वस्तूला धरून राहतात, माश्यांसारखे घोंगावत नाहीत. पहिल्या रात्री मी तपास केलाच नाही, दोरखंड आणि शिडं बघत हिंडलो.

तुम्ही लोक म्हणे बोलण्याच्या ढबीवरून ओळखता, हा स्कॉटिश, हा आयरिश. मला सगळेच साहेब. मी कपड्यांवरून चाललोय. कुणाचा कोट कसा बेतलाय, कुणाच्या टोपीचा काठ, कुणाचे बूट. झोपायच्या झोळ्यांना नंबर आहेत, ते यादीशी जुळतात, हे सापडलं तेव्हा मी रात्री दोनला एकटाच टाळी वाजवली. आई उठली, म्हणाली, "पाणी आलं का?"

एक तक्रार आहे. नवं दृश्य पहिल्यांदा उघडलं की ठरावीक वेळ तिथेच उभं राहावं लागतं, वहीत लिहू देत नाही. पण बाकी हा खेळ माझ्या मास्तरांसारखा. कापड पुढ्यात टाकतो आणि चहाला जातो.

अठ्ठेचाळीस जण लागलेत, बारा राहिलेत. त्यात आपले भारतीय खलाशी अडलेत. सगळ्या जहाजावर आपलेच लोक मला ओळखता येईनात, याची लाज वाटते. सांगू नकोस. खरंच सांगू नकोस, फोनवर चुकूनसुद्धा नाही. संक्रांतीला तू नव्हतीस, गड्ड्याच्या जत्रेला आम्ही दोघंच जाऊन आलो. फुगे फोडायच्या बंदुकीची नळी अजून वाकडीच आहे. शिवरात्रीला सुट्टी काढून येशील तेव्हा शेजारी बस, मी लावतो एकेक, तू फक्त गप्प बसून बघ.

नळ सूं सूं करतोय. मोटर लावतो.

तुझा,
बाबा