नुसते स्नायूंचे झटके?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत तुमच्या लेखकाने जनावरांच्या स्वप्नांचा निकाल चार ओळींत लावून टाकला. झोपेत पाय हलतात ते 'नुसते स्नायूंचे झटके', बाकी सगळा मालकाचा भाबडेपणा! लेखकमहाशयांनी एखादी रात्र दावणीशेजारी काढली आहे का, एवढंच नम्रपणे विचारतो.

आम्ही काढतो. हौसेने नाही, मोटारीला थ्री फेज लाईट रात्री बाराला येते म्हणून. (त्यावर काढा की एखादी पुरवणी.) शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी, बाजेवर बसलं की दिसतं सगळं. डोळे मिटून रवंथ चालू असतो ती डुलकी. मधेच रवंथ थांबतो, मान कुशीला टेकते, ती झोप वेगळी. दिवसाकाठी जेमतेम पाऊण तास, तीही तुकड्यातुकड्याने.

२०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात कडब्यावाचून आमच्या लाल कंधारी जोडीतला एक बैल विकावा लागला. जोडी कुणी घेईना. राहिलेला पुढे कितीतरी रात्री त्याच झोपेत घशातल्या घशात हुंकारायचा आणि खांदा थरथरायचा, जू मानेवर येताना थरथरतो तसा. याला झटका म्हणायचं तर म्हणा बापडे.

माझी पुतणी परभणीला पशुवैद्यकीय शिकते. ती सांगते, फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे या संशोधकांनी मांजरांच्या मेंदूतला झोपेत अंग लुळं ठेवणारा भाग निकामी केला, तर मांजरं झोपेतच उठून, समोर काही नसताना दबा धरून झडप घालू लागली. आणि २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत दिवसा ठरलेल्या वाटेवर पळवलेल्या उंदरांच्या मेंदूत झोपेतही त्याच वाटेची उजळणी चाललेली आढळली. हे तुमच्या लेखकाला ठाऊक नसावं. "पण काका, यावरून तुमच्या बैलाला काय दिसलं ते सांगता येत नाही," असंही ती वर म्हणाली. शिकलेली माणसं शेवटी एकमेकांचीच बाजू घेतात.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली 'लाल कंधारी' छापलंय. तो पांढराधोट, लांबसडक शिंगांचा खिलार आहे. निदान 'लाल' हा शब्द तरी वाचायचा! पोळ्याच्या अंकातही हाच फोटो होता, तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं.

— एक शेतकरी, ता. कंधार, जि. नांदेड