आई-बाबा, फोनच्या धंद्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा बाबांनी विचारलं, "हल्ली सगळे फुकटात बोलतात, मग तुझ्याकडून पैसे मोजून फोन कोण घेणार?" आणि मी "सविस्तर सांगते" म्हणून फोन ठेवला. नोकरी सोडून ऑफिसांना इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा विकायची, असा माझा बेत आहे, पण राजीनामा अजून दिलेला नाही. त्याआधी तुम्हाला सगळं कळायला हवं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमची शंका रास्त आहे. नुसते कॉल विकून आता कुणाचं घर चालायचं नाही. 1995 मध्ये व्होकलटेक कंपनीने इंटरनेटवरून बोलायचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं तेव्हा लांबच्या कॉलचे पैसे वाचतात हीच त्याची मोठी ओढ होती. ते दिवस संपले. माझं गिऱ्हाईक म्हणजे दहा-वीस माणसांचं ऑफिस, डॉक्टर, वकील. त्यांना कुठल्याही फोनवरून लागेल असा एकच नंबर हवा असतो, पण तो उचलणारी माणसं एका छताखाली नसतात. आलेला कॉल हिशेबवाल्या बाईंकडे द्यायचा, त्या जागेवर नसतील तर निरोप टिपून घ्यायचा, ऑफिस बंद झालं की मोबाइलवर वळवायचा. यासाठी पूर्वी भिंतीवर ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजची, पेटी असायची आणि एक एक्स्टेंशन हलवायचं तरी माणूस बोलवावा लागायचा. त्या पेटीचं काम आता सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटने जोडलेल्या दूरच्या कॉम्प्युटरवर, गेलं आहे. त्याचं मी दर महिन्याला भाडं घेणार, माणशी.

सर्व्हर मात्र सुरुवातीला माझे नसतील. मोठ्या कंपनीकडून सेवा घाऊक घ्यायची आणि आपल्या नावाने विकायची. अॅस्टेरिस्क नावाचं सॉफ्टवेअर 1999 पासून फुकट मिळतं, त्यावर स्वतःचं एक्स्चेंज उभं करता येतं, आणि माझे हात शिवशिवतात हे नाकारत नाही. पण ते रात्री दोन वाजता बंद पडलं तर उठणारी मी एकटीच. त्यापेक्षा थोडा नफा सोडलेला परवडला. आणि हो, परवाना, नोंदणी, कर हे आधी, गिऱ्हाईक मागून. घाऊक कंपनीकडे परवाना आहे म्हणून आपल्याला लागणार नाही, असं गृहीत धरणारे पुढे अडकतात.

खरी मेहनत आवाजात आहे. आपण बोलतो त्याचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला 50, आणि प्रत्येक तुकडा इंटरनेटवरून आपापला निघतो. एका कॉलला एका दिशेने सेकंदाला 100 किलोबिटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे "आमचं नेट फास्ट आहे" याला फारसा अर्थ नाही. तुकडे ठरल्या वेळेला पोचायला हवेत. बोललेलं पलीकडे 150 मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सहज वाटतं. त्याहून बराच उशीर झाला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचाच उद्धट आहे! ऑफिसात कुणीतरी मोठी फाइल चढवायला घेतो, त्याच क्षणी रिसेप्शनच्या बाईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि शिव्या फोनवालीला. म्हणून आधी त्यांची लाइन तपासणार, राउटरमध्ये आवाजाला पहिला मान देणार, आणि तिथली सिप एएलजी नावाची सोय बंद करणार. इंटरनेटच्या फोनला मदत व्हावी म्हणून ती दिलेली असते, पण पुष्कळदा तिच्यामुळेच एका बाजूचा आवाज गायब होतो. लाइन सुधारायची तयारी नसेल तर ते गिऱ्हाईक मी घेणार नाही. दर बघून आलेला माणूस आवाज तुटला की जातो, आणि जाताना चार जणांना सांगून जातो.

आई, तू विचारलंस की लाइट गेली तर काय. इतक्या लोकांशी बोलले, पण हे विचारणारी तूच पहिली. जुन्या फोनला वीज तारेतूनच यायची, एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून, म्हणून घरात अंधार झाला तरी तो वाजायचा. इंटरनेटच्या फोनचं तसं नाही. राउटर बंद, की फोन बंद. मग राउटरला बॅटरी बॅकअप द्यायचा आणि तरीही नाहीच लागला तर कॉल आपोआप मोबाइलवर जाईल असं आधीच लावून ठेवायचं. पोलिस किंवा रुग्णवाहिका बोलवायला हाताशी मोबाइल ठेवा, हे मी गिऱ्हाइकाला सहीच्या आधी सांगणार. असं सांगितल्याने काही जण बिचकतील, बिचकू देत.

मला भीती आहे ती चोरांची. एखाद्या एक्स्टेंशनचा पासवर्ड 1234 असला की त्यांचे प्रोग्राम तो हुडकतात आणि सुट्टीच्या दिवशी, ऑफिस रिकामं असताना, परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावत सुटतात. त्या कॉलच्या पैशात त्यांचा वाटा असतो. सोमवारी बिल घाऊक कंपनीकडून माझ्या नावावर. त्यामुळे परदेशी कॉल मुळात बंद, मागितले तरच चालू, आणि तेही आधी भरलेल्या पैशांपुरते.

पैशांचं ठरलंय. तुमच्या निवृत्तीच्या रकमेला हात लावणार नाही. आई, बाबांना न सांगता काही देऊ नकोस, मी तुला ओळखते. माझी बचत आहे तेवढ्यात सुरुवात होते, कारण यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. पहिली काही गिऱ्हाइकं लागोपाठ काही महिने वेळेवर पैसे देताना दिसली, की मगच राजीनामा.

बाबा, सोबत गिऱ्हाइकाशी करायच्या कराराचा मसुदा ठेवला आहे. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, तसाच हाही तपासा. सेवा बंद पडली तर भाडं किती कापायचं ते कलम मला अजून पटत नाहीये. गिऱ्हाईक म्हणून ज्या वाक्याखाली तुम्ही सही करणार नाही, ते लाल पेनाने खोडा आणि रविवारपर्यंत फोटो पाठवा.

तुमची लेक