बंड्यास, राखून ठेवलेल्या डावाबद्दल

पुणे,
गुरुवार, रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तब्येत ठीक. मान दुखते, पण ती दुखतेच. आईची साखर आटोक्यात आहे. तू किती सुटलायस ते ती विचारत होती, मी विषय बदलला.

फोन केला असता तर 'हो हो, बरोबर आहे तुझं' म्हणत दोन मिनिटांत ठेवला असतास, म्हणून कागद घेऊन बसलोय. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "शिकवायचं तर शिकवा, नाहीतर नका शिकवू, पण झोपा." हे कळेल तर तुलाच.

विषय निपाणीच्या पोराचा. परवा माझा जिउ-जित्सूचा क्लास सुटल्यावर मॅट पुसता पुसता म्हणाला, "सर, तुमचा आर्म ड्रॅग सगळ्यांना लागतो. पण तो लागल्यावर सुटायचं कसं, हे तुम्ही कधीच दाखवलं नाही." मी म्हटलं, बघू. तर फडकं पिळत पुढचं बोलला, "आणि सर, उन्हाळ्यानंतर मी निपाणीला क्लास काढतोय." दोन्ही एका दमात! एकेकटं बोलला असता तर मला काही वाटलं नसतं.

डाव तुला ठाऊक आहे. तू त्याला 'बसून मारलेला चोरटा पट' म्हणायचास. मी खाली बसलेला, माझी पावलं समोरच्याच्या मांड्यांच्या आतून. एका हातात त्याचं मनगट, दुसरा हात त्याच्या दंडामागे, पार काखेजवळ. नवी पोरं इथे दंड ओढत बसतात आणि फसतात. तो दंड आपल्या छातीशी आवळून धरायचा आणि सरकायचं आपण. तो रिकाम्या जागेत पुढे येतो, तोवर आपण त्याच्या पाठीवर. यातून सुटायची एक वाट मला सापडली आहे. तीत कंबर कधी आणि कुठे घालायची, ते इथे लिहीत नाही. हसू नकोस.

आता तू आपल्या वस्तादांचं, आण्णांचं नाव काढणार. वस्तादानं एक डाव राखून ठेवावा, नाहीतर पठ्ठ्या एक दिवस वस्तादालाच आव्हान देतो. ही गोष्ट आण्णांनी आपल्याला थंडाई घोटायला बसवून इतक्यांदा ऐकवली, की त्यातला पठ्ठ्या मीच असं मला वाटायला लागलं होतं. आणि विषय निघालाच आहे तर बोलतो. आण्णांनी जाण्याआधी तुला एकट्याला आखाड्यात बोलावून काहीतरी दाखवलं. 'काही नाही रे, ढाकेचाच जरा वेगळा हात' हे तुझं उत्तर मी तेव्हाही मानलं नव्हतं, आजही मानत नाही.

जिउ-जित्सूवाल्या मार्सेलो गार्सियाचं नाव माझ्या तोंडून ऐकून तुझे कान किटलेत, हे ठाऊक आहे. तरी ऐक, कारण पोरगं त्याच्याच जोरावर बोलतंय. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यातलं फॉर्मिगा हे त्याचं गाव. 2003 मध्ये साओ पावलोला अबूधाबीवाल्यांची एडीसीसी स्पर्धा झाली, बिनाजाकिटाची. त्यात तो ऐनवेळी बदली खेळाडू म्हणून घुसला. वय वीस. रेंझो ग्रेसीला हरवलं, व्हिटर शाओलिन रिबेरोला पाठीवर चढून गळा आवळून झोपवलं आणि 77 किलोचा किताब घेऊन गेला. मग 2005, 2007, 2011, असे एकूण चार. जाकीट घालून पाच वेळा जगज्जेता, तो हिशेब वेगळा. 2005 मध्ये खुल्या गटात रिको रॉड्रिगेझ समोर आला, यूएफसी या पिंजऱ्यातल्या लढतींचा माजी हेवीवेट विजेता, याच्यापेक्षा कितीतरी जड. त्याला टाचेच्या पेचात धरून हात आपटायला, म्हणजे हार मानायला लावला.

आणि हे सगळं बहुतेक वेळा खाली बसून! 'पाठ टेकली की कुस्ती संपली, उगाच नव्या धंद्याला खेळ म्हणू नकोस' असं म्हणून तू माझ्याशी दोन महिने बोलला नव्हतास, ते याच्याच व्हिडिओवरून. तुझं म्हणणं मातीत खरंच आहे. मॅटवर मात्र पाठ टेकल्यावर निम्मा खेळ सुरू होतो, आणि तू ते अजून कबूल केलेलं नाहीस.

तो हरलाही आहे. 2007 मध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रॉबर्ट ड्राइसडेलने त्यालाच गळ्यात पकडलं. त्याच वर्षी कोरियात एकदाच एमएमए, म्हणजे ठोसे-लाथांसकटची लढत खेळला, खोक पडली आणि लढत थांबवली. पुन्हा त्या वाटेला गेला नाही. हे शहाणपण आपल्या तालमीतल्या काहींना असतं तर त्यांचे गुडघे आज जाग्यावर असते. (नाव घेत नाही. तो हे पत्र तुझ्याकडून मागून वाचेल.)

पण माझी झोप उडवली ती त्याच्या मॅनहॅटनच्या अकादमीनं. स्वतः स्पर्धेत उतरत होता, तेव्हाच तिथला रोजचा सराव, सगळे डाव, पोरांशी झालेल्या झटापटी कॅमेऱ्यावर घेऊन तो वर्गणी घेऊन इंटरनेटवर दाखवायचा. ज्यांच्याशी लढायचं तेसुद्धा पैसे भरून पाहणार, हे ठाऊक असून. त्याचा हिशेब असा, की माझा खेळ शिकायला बसलात तर माझ्या खेळात आलात, आणि तिथे मी तुमच्यापेक्षा चांगला असणार. 2011 मध्ये नॉटिंगहॅमला अंतिम फेरीत लिओ व्हिएरा होता. तो काय अनोळखी होता? तरी त्यानं मार्सेलोला पाठ दिलीच. मार्सेलोच्या हाताखालचा माथेउस दिनिझ 2019 मध्ये 88 किलोत एडीसीसी जिंकला.

मग 2023 मध्ये पोटाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, केमो, सगळं. आणि जानेवारी 2025 मध्ये बँकॉकला, बेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मॅटवर. समोर इमानारी, पायात लोळण घेऊन घोटे मोडणारा जपानी, अठ्ठेचाळीस वर्षांचा. मार्सेलोनं त्याला डोक्याच्या बाजूनं दाबून गळा आवळला. लिंक तुला पाठवली होती. तू अंगठा पाठवलास, म्हणजे पाहिली नाहीस.

पोरगं म्हणतं, "बघा सर, त्यांनी काय लपवलं?" याला काय उत्तर देऊ? मार्सेलोला परवडत होतं, तो मार्सेलो होता. माझ्याकडे हा एकच डाव आहे, बाकी सगळं बरं-बरं. पोरगं निपाणीला गेलं की संकेश्वर, कागलची पोरंही तिथेच जाणार, पुण्याला कोण येतंय? आणि न शिकवता पाठवलं तर ती चार गावची पोरं अर्धाच डाव शिकणार, वर सांगणार माझं नाव. आण्णा असते तर म्हणाले असते, राख. पण आण्णांनीही शेवटी राखला नाही, तुला दिला. का दिला? तू तालीम सोडून साखर कारखान्यात चिकटणार हे माहीत होतं म्हणून? तुझ्याकडून धोका नव्हता म्हणून? की उलट? हे मला खरंच हवंय, बंड्या, चेष्टा बाजूला ठेव.

तुझं काय चाललंय? बढतीचं झालं का? वहिनींच्या दाताचं काय? धाकटीला बारावीला गणित सोडू देऊ नकोस, नंतर पस्तावेल. घराचा स्लॅब पडला असेल तर फोटो पाठव.

पोरगं रविवारी सकाळी येतंय, उत्तर मागायला. त्याआधी फोन कर, संध्याकाळी सातनंतर, वहिनींसमोरून नको. आणि आण्णांनी तो हात नेमका कसा दाखवला, ते उभं राहून, माणूस समोर धरून सांग. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'बघू' लिहिलंस तर पहिल्या गाडीनं येऊन तुझ्याच अंगणात ड्रॅग मारीन.

तुझा,
बाळ्या