मॉपच्या रकान्याशेजारी दोन बोटं जागा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी सांगलीची. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे.

ओटी रजिस्टरमध्ये आम्ही सगळं लिहितो. पेशंट आत कधी घेतला, भूल कधी दिली, टाके कधी संपले, मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे, किती दिले, किती परत आले. सर्जन किती तासांपासून ड्युटीवर आहे, याला मात्र रकाना नाही.

एका पहाटेचं सांगते. हायवेवर अपघात झालेला मुलगा, प्लीहा फुटलेली. सर आदल्या सकाळपासून ड्युटीवर, मधे आणखी दोन पोटं उघडून झालेली. रक्त थांबवलं, सगळं झकास. पोट बंद करायच्या आधी मी मोजलं, तर एक मॉप कमी. "सिस्टर, मघाशीच दिला की तुमच्या हातात!" सर अगदी खात्रीने म्हणाले. मी पुन्हा मोजलं. मॉप आतच होता, यकृताच्या मागे. सरांसारखा हात मी दुसरा पाहिला नाही, पण दिल्याचं त्यांना चक्क आठवत होतं!

सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखं होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलंय. आपल्याकडे ३० च्या वर गेलं की ट्रकवाल्यावर केस होते.

दुसरी बाजूही सांगते. कॅनडातल्या ऑन्टारिओत रात्रभर काम केलेल्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची ऑपरेशनं तपासली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, फरक नाही. पण ती आधी ठरलेली ऑपरेशनं. जतहून रात्री तीनला येणारं फुटलेलं अपेंडिक्स कोण ठरवून आणतं?

निवासी डॉक्टरांना एरवी सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याला एक सुट्टी हवी, असं केंद्राने १९९२ मध्येच कळवलंय. मी ते पत्रक कुठल्या नोटीस बोर्डावर पाहिलं नाही.

पाळ्या केल्या तर पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना चुका होतील, असं तुम्हाला सांगतील. होतात. आम्ही सिस्टर रोज तीन वेळा ओव्हर देतो, खाटेजवळ उभं राहून, लिहून. डॉक्टरांनाही जमेल.

रिकामी पदं भरायला वेळ लागणार, ठाऊक आहे. तोवर एक शासन निर्णय काढा: सर्जन आणि भूलतज्ज्ञ, दोघांचीही ड्युटी सुरू झाल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. नवीन छपाईचीही गरज नाही. मॉपच्या रकान्याशेजारी दोन बोटं जागा कायम रिकामी असते.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, सांगली