खाज सुटली की मेडिकलची ट्यूब, हे कुठंतरी थांबायला पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आपल्या पेपरात डेंग्यू, चिकुनगुनिया, गॅस्ट्रोवर रोज काहीतरी येतं, ते यायलाच पाहिजे, पण कातडीच्या आजारावर कोण फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही, शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला सुपरवायझर आहे, पण पोरांचे हात रोज डोळ्यासमोर असतात. बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, भेगा पडलेल्या, कुणाच्या हातातनं पाणी सुटतंय, आणि सगळ्यांचा उपाय एकच, घरी जाताना मेडिकलमधनं खाजेची ट्यूब. चिठ्ठी कोण मागत नाही, कुठं लावणार ते कोण विचारत नाही.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा. बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासोल असतं, म्हणजे कातडीला लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जोरदार, त्याच्याच जोडीला एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध, सगळं एकत्र घोटलेलं. दोन दिवसात खाज बसते, माणूस खूश. पण ते गजकर्ण असेल तर वरनं लाली जाते आणि बुरशी पसरत राहते, कडा पुसट होतात, मग डॉक्टरला पण बघून ओळखायला अवघड. त्यात आपल्याकडं ट्रायकोफायटन इंडोटिनी म्हणून बुरशीचा जो प्रकार पसरलाय (हे नाव २०२० मध्ये दिलं), त्याच्यावर टर्बिनाफिनची नेहमीची गोळी बऱ्याचदा चालत नाही, आणि त्याच्या पसरण्यामागं अशा मिक्स ट्यूबांचा पण हात आहे असं तज्ज्ञ सांगतात. बायका आणि कॉलेजची मुलं तीच ट्यूब तोंडाला लावतात गोरं व्हायला, मग चेहरा लालभडक, मुरूम, बारीक शिरा दिसायला लागतात आणि ट्यूब बंद केली की आणखी भडकतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं काढलंय. तरी मिळतात, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असं नाही हं. १९५२ पासून हे मलम कातडीवर वापरतायत आणि इसबावर आजही पहिलं औषध तेच आहे, फक्त कुठलं, कुठं, किती दिवस हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधनं निघेल तेवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. भीतीनं ठिपकाभर लावणारे पण आहेत आणि चटणीसारखं थापणारे पण, दोघांचंही नुकसान.

मूळ मुद्दा असा की खाज एकसारखी दिसली तरी आजार वेगवेगळे असतात आणि कामगाराच्या हाताचा बराचसा त्रास बुरशीचा नसतोच. दिवसभर कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवायचं तेल-पाणी) हात, वर सुट्टीच्या वेळी थिनर नाहीतर घासलेटनं धुवायचे, कातडीचं नैसर्गिक तेल सगळं निघून जातं. याला अ‍ॅलर्जी लागत नाही, कुणालाही होतं. इथं क्लोबेटासोल लावत बसून काय उपयोग, कारण तर तसंच राहिलं ना. पाण्यातलं कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरनं (ते मोजायचं छोटं यंत्र) तपासा, वास मारायला लागलेलं बदला, धुवायला साधा साबण ठेवा आणि शिफ्ट सुटली की हाताला व्हॅसलिन. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायला सांगू नका कुणी, मोजा अडकला तर हात जातो, मोजे जॉब (मशीनवर बनवलेला भाग) पुसताना आणि टाकी साफ करताना.

दुसरा प्रकार खऱ्या अ‍ॅलर्जीचा. गवंड्याला सिमेंटमधल्या क्रोमियमची होते, बायकांना खोट्या दागिन्यातल्या निकेलची. क्रोमनं कमावलेल्या चामड्याच्या बुटानं पण पाय उठतात. आपली खरी कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेली असते, तिच्यात क्रोम नसतं. युरोपात २००५ पासून सिमेंटमध्ये विरघळणारं क्रोमियम-६ (क्रोमियमचा त्रास देणारा प्रकार) २ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांच्या, वर चालत नाही, सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालून ते कमी करतात, म्हणजे उपाय आहे आणि स्वस्तातला आहे. आपल्या गवंड्यानं काय पाप केलंय?

आणि काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, आज आमच्या शिरोलीपासून पन्हाळ्याच्या रस्त्यापर्यंत सगळीकडं आहे. त्याची बारीक धूळ हवेतनं येते, चेहरा, पापण्या, मान, कोपराची खाच सुजून काळी पडते, शेतकरी बिचारा ऊन लागलं म्हणत बसतो. उन्हाच्या अ‍ॅलर्जीत पापण्या आणि कानामागची जागा बहुतेक वाचते, इथं वाचत नाही. जुनाट झालेल्यांना अ‍ॅझाथायोप्रिन (शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) द्यायचं काम दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी केलंय, पण ते रक्त तपासत तपासत द्यायचं औषध आहे. आणि आपण काय करतो, श्रमदानात शाळेच्या पोरांना उघड्या हातानं हेच गवत उपटायला लावतो! माझी कळकळीची विनंती आहे, हे बंद करा.

नक्की कशाची अ‍ॅलर्जी ते कळायला पॅच टेस्ट असते, १८९५ पासूनची. पाठीवर पट्ट्या चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढून बघायचं, पुढं एक-दोन दिवसांनी परत बघायचं. सुई नाही, रक्त नाही.

लहान पोरांचा इसब वेगळा, त्यात कातडीचा बांधच जन्मतः कच्चा असतो. २००६ मध्ये फिलॅग्रिन नावाच्या जनुकातला दोष सापडला तेव्हापासून हे नीट कळायला लागलं. अंडं बंद, दूध बंद, वांगं बंद असं आपल्या मनानं करून पोराला वाळवू नका. जन्मल्यापासून रोज क्रीम लावलं तर इसब होणारच नाही अशी आशा होती, ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर बघितलं, २०२० मध्ये निकाल आला, तसं काय झालं नाही. पण झालेल्या इसबाला मात्र क्रीम रोज लागतंच. फार जोराचा असेल तर डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं निघालीत, अमेरिकेत २०१७ ला मंजुरी मिळाली, पण महाग आहेत.

तर साहेब, आठवड्यातनं एक कोपरा त्वचारोग तज्ज्ञांना द्या, वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं छापा. औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना विचारा की चिठ्ठीचा नियम जिल्ह्यात कसा तपासतात. आणि एमआयडीसीच्या उद्योजक संघटनांना माझं सांगणं, वर्षातनं एकदा डोळे तपासायचा कॅम्प घेता तसा हातांचा पण घ्या, तिथं पॅच टेस्टची सोय करा, गवंडी आणि ऊसतोड कामगारांना पण बोलवा.

आपला,
एक वाचक, शिरोली, कोल्हापूर