‘पयले आयकू, मंग खोलू’ : काटोल नाक्यावरील मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन मृग बहाराच्या तोडणीत, आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग आपण बदलून दिले. संत्र्याचा माल कळमना बाजारात वेळेवर पोहोचवायचा असल्यामुळे मी मजुरीचे पैसे आपल्या हातावर ठेवून घाईने निघालो आणि आभाराचे दोन शब्द बोलायचे राहून गेले. त्यानंतर गाडी साडेतीन हजार किलोमीटर चालली आहे, आणि दर फेरीला ती चूक मला टोचते. आपले नाव चारचौघांत आलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र उघड लिहीत आहे, कारण असाच आवाज ऐकून धास्तावलेल्या आणखी कुणाला आपली पद्धत कळावी, असे मला मनापासून वाटते.

आवाज सर्वांत आधी आईला ऐकू आला. दर पंधरा दिवसांनी मी तिला काटोलहून नागपूरला दवाखान्यात आणतो आणि ती मागच्या सीटवर बसते. “मागं कोनी जातं दळत असल्यावानी वाटते,” असे ती म्हणाली, आणि त्या आवाजाचे याहून नेमके वर्णन मला आजही सुचत नाही. ताशी चाळीसच्या पुढे घरघर सुरू व्हायची आणि साठला ती इतकी वाढायची, की पुढे बसलेल्याशीही मोठ्याने बोलावे लागे. एका गॅरेजने टायर झिजल्याचे सांगून मागचे दोन्ही टायर बदलले. आवाज तसाच राहिला. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, पूर्ण उतरवावे लागेल आणि 32,000 रुपये खर्च येईल, असे सांगण्यात आले. तोडणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी ठेवणे मला शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या निदानावर माझा विश्वासही बसत नव्हता.

आपण मात्र पान्याला हातच लावला नाही. “पयले आयकू, मंग खोलू,” एवढेच म्हणून आपण माझ्या शेजारी येऊन बसलात. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर गाडी उतरली, तेव्हा टायरचा आवाज बदलला, पण घरघर बदलली नाही. दोष टायरचा असता तर रस्त्याबरोबर घरघरही बदलली असती, हे आपण तिथेच दाखवून दिले. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबायला आणि सोडायला लावले, कारण डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचा आवाज बहुधा ताकद देताना एक आणि सोडताना दुसरा असा येतो; आमचा आवाज दोन्ही वेळी एकसारखा राहिला. मग न्यूट्रल करून गाडी वाहू दिली, इंजिन मंदावले, तरी घरघर चाकांच्या वेगाबरोबरच चालू राहिली. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर आपण डोळे मिटून बसला होता. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या बाजूला जातो आणि तेव्हा आवाज चढतो, उजवीकडे वळताना तो उतरतो, हे आपण सांगितल्यावर मलाही स्पष्ट ऐकू येऊ लागले. तीन महिने मी तोच आवाज रोज ऐकत होतो, आणि त्यात एवढे काही सांगितलेले आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

तरीही आपण उजवी बाजू नक्की धरली नाही. मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीतून आवाज इकडचा तिकडे पोहोचतो आणि नुसता कान फसू शकतो, असे आपण म्हणालात. पुढच्या चाकांना दगड लावून, मागची बाजू जॅकने उचलून ॲक्सल लोखंडी घोड्यांवर, म्हणजे पक्क्या टेकूंवर, टेकवला आणि मगच आपण खाली हात घातलात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणालाही जाऊ न देण्याची आपली शिस्त मी त्या दिवसापासून घरीही लागू केली आहे. आधी चांगल्या बाजूची ओळख व्हावी म्हणून आपण मला डावे चाक हलवायला लावले. ते सावकाश, मुलायम फिरले. उजवे चाक एका हाताने फिरवत दुसरा हात ब्रेकच्या पत्र्यावर ठेवला, तेव्हा तळव्याला बारीक खरखर लागली, जणू आत वाळूचे कण चिरडले जात होते. चाक वर-खाली धरून हलवले तर स्पष्ट खेळ जाणवला. टायरच्या आतल्या भिंतीवर काळपट ओल होती. ती बोटावर घेऊन आपण माझ्या नाकाजवळ धरलीत, आणि गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास आला. बेअरिंग झिजले की चाक फिरवणारा शाफ्ट डगमगतो, डगमगता शाफ्ट तेल अडवणारे ऑइल सील खातो आणि डिफरन्शियलचे तेल थेट ब्रेकवर येते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी डावीकडे का ओढते, या माझ्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तरही त्यातच मिळाले. अशा ॲक्सलमध्ये चाक थेट शाफ्टवर बसते आणि शाफ्टला आत धरून ठेवण्याचे काम ते बेअरिंग व त्याला जागी धरणारी कॉलर, म्हणजे घट्ट बसवलेले लोखंडी कडेच करते, म्हणजे हे आणखी लांबले असते तर चाकासह शाफ्टच बाहेर आला असता, हे ऐकून आईच्या मागच्या फेऱ्या डोळ्यांसमोर आल्या.

ड्रम काढून, ब्रेकच्या पत्र्यामागचे चार नट सोडवून आपण स्लाइड हॅमरच्या तीन-चार ठोक्यांत शाफ्ट ओढून काढलात. त्यापुढचे काम मी जवळ उभा राहून पाहिले. कॉलर शाफ्टवर इतकी घट्ट बसलेली असते, की ती कापावीच लागते, आणि आपल्याकडे गॅसकटर असूनही आपण तो वापरला नाही. त्या उष्णतेने शाफ्टचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो, असे आपण सांगितले. ग्राइंडरने कॉलर जवळजवळ पूर्ण कापत आणली, पण शाफ्टला पाते टेकू दिले नाही, आणि उरलेला पापुद्रा छिन्नीच्या एका घावाने तडकवला. त्या घावानंतर शाफ्टवर बोट फिरवून कुठे ओरखडा तर नाही ना, हे पाहताना आपला चेहरा ज्या काळजीने एकाग्र झाला होता, तो मी विसरणार नाही. सील जिथे घासते, तिथे नखाला चर लागतो का, हेही आपण तपासले. चर असता तर नवे सीलही टिकले नसते.

जुने बेअरिंग डिझेलने धुऊन आपण माझ्या हातात दिलेत. आतल्या कड्याच्या चकचकीत पट्टीवर एका बाजूला खवले निघाले होते आणि त्यात चिमटीएवढे खड्डे पडले होते. आई ज्याला जाते म्हणत होती, ते जाते हेच होते.

नवे बेअरिंग बसवताना आधी बेअरिंगला ॲक्सलवर धरून ठेवणारी पकडपट्टी शाफ्टवर चढवली, कारण ती विसरली तर सगळे पुन्हा कापावे लागते. प्रेसचा दाब फक्त आतल्या कड्यावर येईल असा नळीचा तुकडा आपण निवडलात. बाहेरच्या कड्यावर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसतानाच जखमी होते. बेअरिंग आणि नवी कॉलर एकदम न दाबता वेगवेगळी दाबली. सीलच्या ओठाला तेल लावले, तेलाने भिजलेले ब्रेकचे लायनर पुसून पुन्हा न वापरता दोन्ही बाजूंचे बदलले. सर्वांत शेवटी ॲक्सलवरचा छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, काढला. तो चिखलाने पूर्ण बुजला होता. तो बंद असेल तर तापलेल्या तेलाच्या दाबाला बाहेर पडायला सीलखेरीज वाट उरत नाही. हे काम कुणी सांगितलेले नव्हते आणि आपण त्याचा एक पैसाही घेतला नाही.

एकूण बिल, सामानासह, आधी सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी झाले. पण माझे आभार पैशांपुरते नाहीत. दोष सिद्ध होईपर्यंत एकही भाग न बदलण्याचा आपला संयम, आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक पायरीवर आपल्या हाताने, कानाने, नाकाने पडताळून पाहू देण्याचा आपला मोठेपणा, यांसाठी मी आपला ऋणी आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे पहिल्या वीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून दोन्ही बाजूंच्या ड्रमजवळ हात धरून पाहिला. ऊब दोन्हीकडे सारखी होती. तेलाची ओल पुन्हा दिसलेली नाही, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते. मागच्या आठवड्यात फेटरीच्या पुढे आई मागे बसल्या बसल्या झोपली. डावे बेअरिंग त्या दिवशी निर्दोष होते म्हणून आपण त्याला हात लावला नाही, मात्र वर्षाच्या आत पुन्हा हलवून पाहायला बजावले होते. दिवाळीनंतर आंबिया बहाराचा माल घेऊन येईन, तेव्हा गाडी आपल्याकडे घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
काटोलचा एक संत्रा बागायतदार