'हेवी एमटीआय'वर औषध काय?

महोदय,

ऐरोली स्टेशनबाहेर महिनाभर एका क्लासचा फलक झळकतो आहे : '30 दिवसांत एमटीआय घालवा'. एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, अर्थात बोलण्यावरचा मातृभाषेचा ठसा. कॉल सेंटरच्या मुलाखतीत व्हॉइस राउंडला बाद झालेल्या मुलांना हीच तीन अक्षरे ऐकवतात. माझ्या पुतणीच्या कागदावर तर 'हेवी एमटीआय' असा शेरा आला. घरी आजीने काळजीने विचारले, यावर कुठल्या डॉक्टरकडे जायचे?

आम्ही घणसोलीचे आगरी. आमच्या बोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो, गावाचे नावसुद्धा आम्ही 'घनसोली'च म्हणतो. शाळेत 'पानी' म्हटले की बाई पुन्हा म्हणायला लावायच्या आणि वर्ग खिदळायचा. त्यामुळे उच्चारावरून नापास होणे आमच्या घराला नवे नाही. तेव्हा शुद्ध मराठी पुण्यात असते एवढे तरी माहीत होते. शुद्ध इंग्रजीचा पत्ता मात्र कोणी देत नाही.

देणार कसा? साहेबाच्या देशातही ती एका जागी नाही. उत्तर इंग्लंडात 'बस' जवळजवळ 'बुस' होते, 'बाथ'मधला आ आखूड होतो. डब्लिनकडे 'थ्री'चे 'ट्री' ऐकू येते. न्यूझीलंडच्या माणसाने 'पेन' मागितले तर आपण 'पिन' देऊ. आणि 'र'ची गंमत तर विचारूच नका. शब्दाच्या शेवटचा 'र' लंडनमध्ये गिळला तर माणूस सुशिक्षित, न्यूयॉर्कमध्ये गिळला तर कमी दर्जाचा. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना असे प्रश्न विचारले की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच यावे. दुकान जितके महागडे, तितके तिथले विक्रेते 'र' जास्त म्हणत होते. म्हणजे तो 'र' शुद्धतेचा कमी, गिऱ्हाइकाच्या खिशाचा जास्त.

उच्चार शिकूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पुतणी 'डेव्हलप' म्हणताना 'डे'वर जोर देते, इंग्रजीत तो 'व्हे'वर पडतो. जोर चुकला की परक्या कानाला अख्खा शब्द हरवतो. 'पिन'मधला 'प' इंग्रज हवा सोडून म्हणतात, आपल्याकडची जुनी माणसे 'फूल' म्हणताना सोडतात तशी. आपला 'प' कोरडा, त्यामुळे फोनवर पलीकडे 'बिन' ऐकू जाऊ शकते. 'पी फॉर पीटर' म्हणत स्पेलिंग सांगावे लागते ते उगाच नाही. हे शिकवावे, त्याची फीही खुशाल घ्यावी.

पण त्या फलकाच्या क्लासला पुतणीने नाव घातले, तर पहिल्या आठवड्यात जोर नाही आणि 'प' नाही, 'वॉटर'चे 'वॉडर' करून घेतले. आता घरात तहान लागली की सगळे मुद्दाम 'वॉडर' मागतात आणि ती चिडते.

मुलाखती घेणाऱ्यांना विनंती एवढीच की शेऱ्यात 'एमटीआय' लिहू नका, कोणता शब्द कळला नाही तो लिहा. पुतणीच्या कागदावर तसा एकही शब्द लिहिलेला नव्हता.

— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई